दोघींची पाटी

हिंगोली डेपोत वाशीमची गाडी फलाटाला लागायच्या आधीच माणसं तिच्यामागे पळत सुटतात. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर विचारूच नका. दारातून चढून सकाळच्या गाडीत जागा मिळवलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. जागा मिळते ती खिडकीतून. गाडी वळण घेत असतानाच खालून हात वर करायचा आणि सीटवर दस्ती, म्हणजे हातरुमाल, टाकायची. दस्ती पडली की जागा तुमची, मग तुम्ही सगळ्यांत शेवटी रमतगमत चढा. आमच्याकडे लोक बांधावरून एकमेकांची डोकी फोडतील, पण दुसऱ्याची दस्ती उचलून स्वतः बसणार नाहीत.

माझी उंची अशी की माझा हात खिडकीखालच्या पत्र्यापर्यंतच पोचतो. त्यामुळे गेली बरीच वर्षं माझी जागा आपा धरतात. आपा म्हणजे आमच्या अप-डाऊनवाल्यांतल्या एक बाई, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्या कनेरगाव नाक्याच्या पुढच्या एका खेड्यात उर्दू शाळेवर शिकवतात, मी नाक्यावरच एका बँकेत कारकून आहे. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पत्र्याच्या पेट्या करायचं काम. लहानपणी ठोकाठोकीच्या आवाजात अभ्यास केला म्हणून एसटीच्या खडखडाटात आपल्याला काही होत नाही, असं त्या म्हणतात. गाडीतले सगळेच त्यांना आपा म्हणतात, कंडक्टरसुद्धा.

खिडकी मात्र त्या मला देतात. कारण माझ्याकडे पुस्तक असतं.

याची सुरुवात कशी झाली ते सांगते. मी गाडीत वाचते. घरी स्वयंपाक, बँकेत काउंटर, परत घरी स्वयंपाक, त्यामुळे माझं म्हणावं असं वाचन होतं ते डेपो ते नाका. आपा शेजारी बसून तिरक्या नजरेनं पानाकडे बघायच्या. मला कोणी शेजारून वाचलेलं मुळीच खपत नाही. वर्तमानपत्र असेल तर मी घडी करते. पण रोज आपल्यासाठी दस्ती टाकणाऱ्या बाईसमोर घडी कशी करणार? एक दिवस मी पान उलटलं आणि त्यांनी चक्क माझा हात धरला.

"थांबा की हो ताई! ती बाई घरातून निघाली का न्हाई ते तर पाहू द्या."

तेव्हापासून आमचा नियम पडला. मी पानाच्या तळाशी पोचायचं आणि थांबायचं. आपांचं वाचून झालं की त्या "हं" म्हणणार, मग मी पान उलटणार. बोलायला आपा आमच्यासारखीच मराठी बोलतात, पण शिकल्या उर्दूत. त्यामुळे वाचताना त्या एकेक अक्षर हाताला धरून रस्ता ओलांडवल्यासारख्या वाचतात. ओठ हलतात, जोडाक्षराशी थांबतात, कधी मला विचारतात. माझं पान संपून मी खिडकीबाहेर बघत बसायची. वाळत घातलेली हळद, ढाब्यांसमोरचे ट्रक, पुन्हा हळद. हं काही येत नसे.

मी त्यांना एकदा म्हटलंही, पुस्तक घरी घेऊन जा, सावकाश वाचा. तर म्हणाल्या, "घरी कुठं जमून राहिलं? अन्‌ एकटीनं वाचलं की अडते मी. इथं कसं, तुमी असता."

आता खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. वाईट वाटतं लिहिताना, पण यायचा. काउंटरवर दिवसभर लोक माझ्या डोक्याशी उभे, घरी नवऱ्याचा चष्मासुद्धा मीच शोधून द्यायचा, आणि जो काही वेळ माझा म्हणून मिळे त्यातही पान उलटायला परवानगी लागायची. मग मी चोरटेपणा सुरू केला. पुढची पानं घरी वाचून टाकायची आणि सकाळी गाडीत तीच पानं नव्यानं वाचत असल्याचं सोंग करायची. आपा अंदाज बांधायच्या, "पहा, हा भाऊ हिला घरात घेणार न्हाई," आणि मी "कुणास ठाऊक बाई" म्हणून डोळे मोठे करायची. भावानं तिला घरात घेतलं नव्हतं हे मला आदल्या संध्याकाळी भाजी निवडतानाच कळलेलं असायचं.

अशात दिवाळीला पुण्याहून लेक आली. मी फोनवर वाचून बघत होते आणि डोळे चोळत होते. उन्हात फोनचा आरसा होतो, आणि गोष्ट रंगात आली की नेमका बँकेतून फोन येतो. लेक म्हणाली, "आई, नुसतं वाचायचंच यंत्र मिळतं. ई-रीडर. त्यात फोन नाही, काही नाही. कागदासारखा पडदा असतो, उन्हातही दिसतं. प्रवासात वाचायचं तर तेच घे."

मग निवडीचा घोळ सुरू झाला. मी व्हिडिओ पाहिले. त्यातले सगळे लोक गादीवर लोळत, बाजूला कॉफीचा मग ठेवून वाचत होते. खड्ड्यातून जाणाऱ्या गाडीत, मांडीवर डबा, पायाशी कोणाचं तरी पोतं, अशा अवस्थेत वाचणारं एकही माणूस दिसलं नाही. मी लेकीला माझे प्रश्न विचारले. घामट अंगठा लागून आपोआप पान उलटतं का? खिडकीतून धूळ आली तर? मराठीची जोडाक्षरं नीट दिसतात की पाय मोडून शेजारी पडतात? आणि मराठी पुस्तकं त्यात मिळतात तरी किती? लेकीनं सगळं शोधून शेवटी दोन यंत्रांवर आणून ठेवलं. एक लहान, पर्समध्ये मावेल, एका हातात धरता येईल असं. दुसरं मोठं, वहीच्या पानाएवढं, थोडं जड. बाकी सगळं सारखंच. पैशाचा प्रश्न नव्हता, कोणतंही ठरलं तरी लेकच घेऊन देणार होती. तेव्हा त्या सबबीमागे मला लपता येणार नाही.

ही बातमी मी आपांना गाडीत सांगितली. का सांगितली कोण जाणे, बोलून गेले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे पाटीच की," त्या म्हणाल्या. "पुस्तकाची पाटी. अन्‌ अक्षर मोठं करता येतं म्हणता? मग तर आपलं कामच झालं."

आपलं. मी ते ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही.

दोन-चार दिवसांनी आपा चढल्या त्या पिशवीत काहीतरी सांभाळत. बसल्यावर त्यांनी पुठ्ठ्याचे दोन तुकडे काढले. शाळेत पोरांसाठी तक्ते करून करून त्यांचा हात बसलेला. लहान यंत्राच्या मापाचा एक आणि मोठ्याच्या मापाचा एक, असे दोन तुकडे त्यांनी कापले होते. मापं मीच बोलता बोलता सांगितली होती. कडेनं काळी पट्टी चिकटवलेली, आणि मधल्या पांढऱ्या कागदावर आमच्या चालू कादंबरीतली चार वाक्यं पेनानं काढलेली. लहानावर बारीक, मोठ्यावर ठळक. उर्दूची सवय असलेल्या हाताचं मराठी, अक्षरं थोडी डावीकडे झुकलेली.

"धरा. गाडी चालू असताना पाहू."

आणि आम्ही दोघी प्रौढ बायका पुठ्ठे धरून बसलो. समोरच्या सीटवरचा माणूस मागे वळून वळून बघत होता. लहान पुठ्ठा मी धरला तर आपांना माझ्या खांद्यावर हनुवटी टेकावी लागली. गाडी आदळली तसं त्यांचं डोकं माझ्या डोक्याला लागलं आणि त्या इतक्या हसल्या की कंडक्टरनं विचारलं काय झालं. मोठा पुठ्ठा मधोमध, अर्धा त्यांच्या मांडीवर अर्धा माझ्या, असा ठेवला. त्यावरची चारही वाक्यं त्यांनी ओठ न हलवता वाचली.

"बराबर," त्या म्हणाल्या. "हीच. मोठी घ्या ताई. जड लागली तर मी धरीन, तुमी नुसतं पान पलटवा."

"हो, मोठीच घेऊ," मी म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या मागच्या खोलीतून मी लेकीला फोन केला आणि लहान मागवायला सांगितलं.

"अगं, पण तुझ्या आपांना दिसेल का त्यात?" लेकीनं विचारलं. घरात आपांचं नाव रोज निघतं, तिला सगळं माहीत.

"नाही दिसलं तर बरंच," मी म्हणाले. "मला एकदा तरी एकटीला वाचू दे."

असं मी बोलले. डब्यातली पोळी खात खात बोलले. त्या क्षणी मला ते हक्काचं वाटलं.

यंत्र आलं. आपांना मी म्हणाले, मोठं संपलं होतं, शिल्लकच नव्हतं. इतकं सहज तोंडातून आलं की माझं मलाच नवल वाटलं. आपांनी मान हलवली. "काही तकलीफ न्हाई. चांगली वस्तू लवकर सरते." त्यांनी यंत्र हातात घेतलं, ओढणीनं पडदा पुसला आणि परत दिलं. मग आम्ही अक्षर मोठं करून पाहिलं. त्यांना दिसेल इतकं मोठं केलं की पडद्यावर जेमतेम पाच-सहा ओळी मावत. हं, पान. हं, पान. लगोलग बोट लावावं लागे. मी मुद्दाम सुस्कारा सोडला नाही, पण तो सुटला, आणि आपांनी तो ऐकला.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुमी वाचा ताई. मला पेपर तपासायचेत." त्यांनी पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेतला. त्यानंतर कधी पेपर, कधी "आज झोप येऊन राहिली". बाकी काहीच बदललं नाही. डेपोत दस्ती तशीच पडायची, खिडकीची जागा मलाच मिळायची.

पहिले काही आठवडे मी सुखात होते, ते नाकारत नाही. यंत्र खरंच चांगलं. ऊन आलं तरी अक्षर स्वच्छ, हाताला वजन नाही, पर्समध्ये किल्ल्यांशेजारी पडून राहतं. मी अधाशासारखी वाचत सुटले. एक संपलं की दुसरं. कागदावरची ती अर्धवट कादंबरी वाचनालयाची होती, ती एका रविवारी घरीच उरकून परत करून टाकली. अडवायला कोणी नव्हतं. पण एकदा नवऱ्यानं विचारलं, काय वाचतेस सध्या, तर मला आदल्या दिवशी संपवलेल्या पुस्तकातल्या माणसांची नावं आठवेनात. पूर्वी एकेका पानावर आपांशी इतकी हुज्जत व्हायची की ती माणसं शेजारच्या गल्लीत राहत असल्यासारखी ओळखीची व्हायची. चूक वयाची असेल म्हणून मी ते सोडून दिलं.

मग एकदा पेपर तपासता तपासता मान वर न करता आपांनी विचारलं, "ताई, त्या बाईचं पुढं काय झालं हो?"

"कोणत्या?"

"ती, घरातून निघालेली. भावानं घेतलं न्हाई, तिथवर आलतो आपण."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या इतके दिवस त्या बाईला भावाच्या दारात उभी ठेवून बसल्या होत्या. मी घाईनं सांगून टाकलं, "ती गेली दुसऱ्या गावाला. राहिली काही वर्षं. मग परत आली नवऱ्याच्या घरी."

"परत आली? काहून?"

ते मी नीट वाचलंच नव्हतं. त्या रविवारी मी शेवटची पानं कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता वाचली होती. "आली," मी म्हणाले. "पुस्तकात तसंच आहे."

"तसं कसं? एवढी निघालेली बाई उगीच येते का?" आपांनी तपासलेला पेपर गठ्ठ्याखाली सरकवला. मग पुन्हा लाल पेन उचललं.

यापुढं जे झालं ते माझ्याच एका खोडीमुळे. गाडीच्या आवाजात फोन नीट ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळे अप-डाऊनवाले फोन स्पीकरवर टाकून बोलतो. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाची मोटर जळली, अख्ख्या गाडीला माहीत असतं. तशी त्या सकाळी लेक स्पीकरवर आली, नेहमीसारखी खिदळत.

"आई, यंत्र कसं चाललंय? मोठं पाहिजे का आता? तेव्हा मी विचारत होते तर तूच लहान म्हणालीस, आपांना दिसलं नाही तर बरंच म्हणालीस. झालं का पोटभर एकटीचं वाचून?"

फोन माझ्या हातात होता आणि तो बंद करायचं बटण मला सापडत नव्हतं. मी काहीतरी बोलले, आवाज आला, गाडीनं खड्डा घेतला. फोन ठेवला तेव्हा आपा दस्तीची घडी घालत होत्या. चार पदरी घातली, उलगडली, परत घातली. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही. पाहायची छाती झाली नाही. मला वाटलं आता त्या भांडतील, भांडावं, चार शब्द सुनवावेत, गाडीभर ऐकू जावेत. मी तोंडात मारून घ्यायला तयार होते.

नाका आल्यावर मी उतरायला उठले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "लेकीला सलाम सांगा."

रात्रभर नाही, पण दिवसभर काउंटरवर मला ते ऐकू येत राहिलं. माफी मागायची तर कशाची म्हणून मागायची? खोटं बोलल्याची? लहान घेतल्याची? की इतकी वर्षं त्यांनी माझ्यासाठी जागा धरली आणि मला मात्र त्यांच्या "हं"चं ओझं वाटलं, त्याची? दुसऱ्या सकाळी डेपोत मी मुद्दाम मागे उभी राहिले. आज दस्ती पडू नये असं मला मनापासून वाटत होतं. नसती पडली तर फिट्टंफाट झाली असती आणि मी उभ्यानं नाक्यापर्यंत गेले असते. गाडी वळली. आपांचा लांब हात वर गेला. दस्ती पडली.

मी चढले तर त्या नेहमीसारख्या कडेला सरकून बसल्या होत्या, खिडकी रिकामी.

असे काही दिवस गेले. यंत्र मी पर्समधून काढलंच नाही. आपा पेपर तपासत राहिल्या, मी बाहेर बघत राहिले. बोलणं व्हायचं ते डब्यातल्या भाजीपुरतं.

मग एका सोमवारी त्यांनी पिशवीतून पेपरांऐवजी पुस्तक काढलं. तीच कादंबरी, वाचनालयाचं तेच कव्हर. शनिवारी जाऊन सभासद झाल्या होत्या. पानांत खूण म्हणून त्यांनी कापलेला तो लहान पुठ्ठा घातला होता.

"तुमी सांगितलं ती परत आली," त्या म्हणाल्या. "काहून आली ते पाहावं म्हटलं."

त्यांनी पुस्तक उघडलं. भावाच्या दाराशी आम्ही सोडलं होतं तेच पान. स्वतःच्या मांडीवर धरतील असं मला वाटलं, तर त्यांनी ते मधोमध आणलं, अर्धं त्यांच्याकडे, अर्धं माझ्याकडे. ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचू लागल्या. ओठ हलत होते. एका जोडाक्षराशी बोट थांबलं. मला सवयीनं तो शब्द सांगावासा वाटला, पण तेवढ्यात त्यांनी तो आपला आपण लावला.

पान संपलं. त्यांचं बोट तळाशी आलं आणि तिथंच राहिलं. त्या पान उलटेनात. काही अडलं असेल म्हणून मी विचारलं, "काय झालं आपा?"

"तुमचं झालं का?"

"माझं तर आधीच..." मी म्हणायला लागले आणि थांबले.

"सावकाश वाचा," आपा म्हणाल्या. "झालं की हं म्हणा. मला घाई न्हाई."

मी पानाकडे पाहिलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. कनेरगाव नाका आला, माणसं उतरायला उठली, तरी माझ्या तोंडून हं निघालं नव्हतं, आणि आपा पानावर बोट ठेवून थांबल्या होत्या.